हिवरावरची आणि आतली

१

सकाळी उठलं की माझं पहिलं काम विटांचं असे. चुलीच्या कडेला तापत ठेवलेल्या विटा फडक्यात गुंडाळायच्या, हाताच्या पाठीला लावून चटका बघायचा आणि सुपाच्या दोन्ही बाजूंना एकेक टेकवायची. सुपात पिंजलेला कापूस होता आणि कापसात माझ्या भावाची मुलगी. सातव्या महिन्यातच जन्मलेली. अंगावर प्यायची ताकद तिच्यात नव्हती, म्हणून कापसाचा बोळा दुधात भिजवून मी तो तिच्या ओठांवर पिळायचे. एक थेंब गिळला की ती इतकी दमायची, की दुसरा देताना मलाच भीती वाटायची.

ही गोष्ट पोलीस ॲक्शनच्या बरीच आधीची, निजामाच्या राज्यातली. त्या हिवाळ्यात पुसेगावात उंदीर पडले. उंदीर पडले की गाव उठायचं. कुणाच्या काखेत प्लेगची गाठ निघायच्या आत माणसं चूल-भांडी गाडीत टाकून आपापल्या शेतात राहायला जायची. आमचाही शेतात आखाडा होता. दगडमातीची एक खोली, वर मातीचं धाबं, बाजूला बैलांचा गोठा. खोलीला खिडकी नव्हती. धूर जाण्यापुरतं धाब्याला वीतभर रुंदीचं भोक होतं. त्याला आमच्याकडं साणं म्हणतात. दुपारी त्याच्यातून उन्हाचा एक गोल जमिनीवर पडायचा आणि हळूहळू भिंतीकडं सरकायचा.

मी शालू. नवरा वारल्यावर धाकट्या भावाकडं, संतरामकडं, परत आले होते. मला मूलबाळ नव्हतं. संतरामची बायको आशा त्या खोलीतच बाळंत झाली आणि दोन-तीन दिवसांत तापानं फणफणली. ओटीपोटाला हात लावू देईना. बरळायला लागली, तेव्हा संतरामनं गाडी जुंपली. हिंगोलीचा दवाखाना दिवसभराच्या वाटेवर होता.

"आक्का, दोघींनाबी नेलं असतं," तो म्हणाला, "पर हे लेकरू गाडीच्या धक्क्यानंच जाईल."

"तू तिला घेऊन जा. पोरीकडं मी हाय."

"जगंल का गं ही?"

"जा म्हनलं ना. ऊन चढायला लागलंय."

गाडी नाल्यापलीकडं दिसेनाशी झाली. मी आत येऊन पुन्हा विटा चुलीला लावल्या.

२

दुधाची सोय रूपाबाईनं केली. माळावरच्या तांड्यातली बाई. तिचं पोरगं तेव्हा अंगावर पीत होतं. तांड्याच्या नायकानं गावच्या माणसांना शिवायची बंदी केली होती, तरी ती रोज सकाळ-संध्याकाळ यायची. गोठ्याच्या आडोशाला बसून वाटीत दूध काढून द्यायची. तिचा नवरा हिरासिंग लांब बांधावर उभा राहायचा आणि तिनं लवकर निघावं म्हणून खोकायचा.

"खोकू दे त्याला," रूपाबाई म्हणायची. "मह्या पोराला पुरून उरतंय. उरलेलं काय मातीत पिळू?"

दिवसभर मला तेवढीच माणसाची सोबत. बाकी सोबत हिवरावरच्या सापमारीची. दारासमोर, बांधाच्या टोकाला एक हिवराचं झाड होतं. त्याच्या शेंड्यावर काट्याकुट्यांचं घरटं करून साप खाणारी मोठी घार बसली होती. घार म्हणायची एवढंच, होती तिच्यापेक्षा बरीच मोठी. डोकं तपकिरी, छाती पांढरट, डोळे पिवळेजर्द. ती जागची हलायची नाही. नर दिवसातून केव्हातरी यायचा. आख्खा साप गिळलेला असायचा आणि चोचीतून नुसती शेपटी लोंबत असायची. मादी ती शेपटी धरून साप ओढून काढायची. बसल्या बसल्या खायची आणि पुन्हा पोटाखाली चोच घालून अंडं फिरवायची. त्याची एकच बाजू निवत राहू नये म्हणून असेल. मग पिसं फुगवून खाली दबायची.

मला तिचं बरं वाटायचं. ऊब धरून बसणारी त्या माळावर मी एकटीच नव्हते.

एका सकाळी मी नाल्यावरून पाणी घेऊन आले, तर सुपात पोरीच्या पायाशी कडुलिंबाची कोवळी डहाळी होती. हिरवीगार. नुकतीच तोडलेली.

आमच्याकडं बाळंतिणीच्या दाराला लिंब लावतात. मी म्हटलं, रूपाबाईनं ठेवली असेल. संध्याकाळी तिला विचारलं.

"मी न्हाई," ती म्हणाली. "मी आतच गेले न्हाई आज. आन् लिंब हाय कुठं इथं? नाल्याच्या पार हाय एक, लांब."

मी डहाळी उचलून बघितली. विळ्यानं कापलेली नव्हती. देठाशी पिळून तोडली होती, साल लोंबत होती.

३

रात्री काही व्हायचं नाही. रात्री मी पोरीला उघड्या छातीशी घेऊन, वरून घोंगडी ओढून पडायचे. जे व्हायचं ते दिवसा. आणि मी खोलीबाहेर असतानाच.

दुसरी डहाळी आली. मग तिसरी. जुनी वाळायच्या आत नवी. एक दिवस दारात भाकरी खाताना मी वर बघितलं, तर हिवरावरचा नर चोचीत हिरवी डहाळी घेऊन उतरत होता. मादीनं ती घेतली आणि आपल्या पोटाजवळ खोचली. घास माझ्या तोंडातच राहिला.

पण मी काही भोळी नव्हते. पाखराच्या चोचीतून एखादी डहाळी धाब्यावर पडली असेल, वाऱ्यानं साण्यातून आत आली असेल, असं मी मनाला सांगितलं. साणं सुपाच्या वर नव्हतं, दाराकडच्या अंगाला होतं. ते मी मनाला सांगितलं नाही.

मग पोरगी कुशीवर वळलेली सापडायला लागली. मी तिला उजव्या कुशीवर ठेवून जायचे. परत यायचे तर ती डाव्या कुशीवर असायची, कापूस भोवतीनं नीट दाबून बसवलेला, मधे वाटीसारखा खोलगा. मी तसा दाबत नसे. सातव्या महिन्याचं लेकरू मान हलवत नाही, ते कूस कसं बदलेल?

तेव्हा मला आधी भीती वाटली ती उंदरांची. उंदीर कापसात शिरला असला तर? गावात पडलेल्या उंदरांपैकी एखादा गाडीतल्या सामानात बसून आला असला तर? मी सगळा कापूस उपसला. भिंतीच्या कडा काठीनं खरवडल्या. बीळ नव्हतं, लेंडी नव्हती. मग मी चुलीतली राख चाळली, सुपाभोवती जमिनीवर पातळ पसरली आणि दार ओढून घेऊन मुद्दाम गोठ्यात जाऊन बसले.

आतून आवाज आला. पावलांचा नाही. वाळलेलं लुगडं दोरीवरून ओढून काढताना होतो तसा, मऊ, सावकाश. मग थोडा वेळ काहीच नाही. मग बारीक शीळ. सापमारी नराला बोलावताना काढते तशीच, पण घशातल्या घशात, झोपलेलं माणूस उठू नये एवढ्या बेतानं.

मी हिवराकडं बघितलं. सापमारी जागेवर होती. तिची मान माझ्याकडं वळलेली होती आणि चोच बंद होती.

दार ढकलून आत गेले तेव्हा खोली रिकामी होती. पोरीची कूस बदललेली. राखेत उंदराची नखं नव्हती, माणसाचं पाऊल नव्हतं. सुपाच्या दोन्ही बाजूंना राख झाडल्यासारखी बाजूला सरलेली, लांब, वाकड्या रेघांनी. पंख टेकून ओढले तर अशा रेघा उठतील. आणि पदर लोळवत कुणी बसलं, तरीही अशाच उठतील. मी खाली बसून माझा पदर राखेतून ओढून बघितला. फरक सांगता येईना.

४

मी रूपाबाईला सांगितलं. सांगितलं नसतं तर माझं डोकं फिरलं असतं.

ती लगेच आत गेली नाही. दाराशी उभी राहून तिनं वास घेतला.

"लेकरू कसं हाय?" तिनं विचारलं.

"काल बोळा ओढला तिनं. स्वतः ओढला."

"वजन?"

"हाताला लागतंय थोडं."

"मंग?" ती म्हणाली. "भेव कशाचं वाटून राहिलं तुमाला?"

"जे दिसत न्हाई त्याचं. आज ऊब देतंय. उद्या घेऊन गेलं तर?"

आमचं बोलणं बांधापर्यंत गेलं असावं. हिरासिंग बांधावरून ओरडला की झाड तोडून टाकू, कुऱ्हाड आणतो. तिनं हात हलवून त्याला गप्प केलं.

"तोडू नका," ती मला म्हणाली. "अंड्यावर बसलेलीला उठवत न्हाईत. कुनालाबी."

त्याच दुपारी मी पोरीजवळ बसून बोळा पिळत होते. एकदम जमिनीवरचा उन्हाचा गोल विझला. मी वर बघितलं. साण्याच्या कडेला नर बसला होता. एवढ्या जवळून मी त्याला कधी पाहिला नव्हता. चोचीतून सापाची शेपटी लोंबत होती आणि अजून वळवळत होती. तो मान वाकडी करून आत बघत होता. माझ्याकडं नाही. सुपाच्या पलीकडं, भिंत आणि सूप यांच्या मधल्या रिकाम्या जागेकडं. त्यानं बारीक आवाज केला. घरट्यावर उतरताना मादीला घास घे म्हणून करायचा तोच. थांबला. पुन्हा केला.

मी श्वास धरून बसले होते. त्या रिकाम्या जागेकडं बघायचं माझ्या मानेनं नाकारलं.

बऱ्याच वेळानं तो उडाला आणि हिवरावर गेला. मी दारातून बघितलं. मादीनं शेपटी धरून साप ओढून घेतला. म्हणजे त्याला वाट चुकली होती, असं मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं, म्हणजे खोलीत कुणी असेल तर ऐकेल. पाखरू आपलं घरटं चुकत नाही, हे मलाही ठाऊक होतं. बसलेली एकच असती तर तो चुकला नसता.

५

हिंगोलीहून निरोप आला तो वाईट नव्हता आणि चांगलाही नव्हता. आशा जिवंत आहे, ताप उतरतो आणि चढतो, संतराम दवाखान्याच्या ओसरीत राहतो. निरोप आणणारा गाडीवान लांबूनच बोलून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी विटा उचलताना माझे हात थरथरले. मला वाटलं, थंडी. मग दात वाजायला लागले. अंगावर घोंगडी घेतली तरी हुडहुडी जाईना, आणि थोड्या वेळात अंग तव्यासारखं तापलं. काखेत हात घातला तर दुखत होतं. जांघेत दुखत होतं. सगळंच अंग दुखत होतं, पण मला काखच तेवढी कळली.

मी सुपापासून मागं सरले. भिंतीपर्यंत. मग दाराबाहेर.

तो हिवताप असू शकतो, हे मला माहीत होतं. पण गाठीचा तापही असाच हुडहुडी भरून येतो. गाठ यायला एक-दोन दिवस लागतात. आणि ही पोर माझ्या एका श्वासानंही गेली असती. मी दार ओढून घेतलं आणि गोठ्यातल्या कडब्यावर जाऊन पडले. म्हटलं, रूपाबाई येईल. तिला लांबूनच सांगू.

रूपाबाई आली नाही. आभाळ भरून आलं होतं. उत्तरेकडून असं वारं सुटलं, की गोठ्याचं छप्पर उचललं जाईल असं वाटलं. मग गारा आल्या. आधी बोराएवढ्या, मग लिंबाएवढ्या. शेत पांढरं झालं. गोठ्यात माझ्या तोंडातून वाफ निघत होती. आतली चूल केव्हाच विझली असणार. विटा गार झाल्या असणार. विटा गार झाल्या की त्या सुपातलीच ऊब ओढून घेतात, हे मला इतक्या दिवसांत कळलं होतं.

मी उठायला बघितलं. पाय उभे राहिनात. हातावर रांगत गोठ्याच्या तोंडाशी आले.

हिवरावर सापमारी उभी होती. पहिल्यांदाच ती मला उभी दिसली. दोन्ही पंख पसरून तिनं घरट्यावर छप्पर केलं होतं आणि गारा तिच्या पाठीवर आदळत होत्या. मान आत ओढलेली. एकेका गारेनं तिचं अंग हलायचं, पण पाय हलत नव्हते. म्हणजे ती तिथं होती. माझ्या डोळ्यांसमोर होती.

आणि मागून, खोलीतून, ती शीळ आली.

मी तिथून दारापर्यंत कशी गेले ते आठवत नाही. गारांनी डोकं फुटलं होतं, हे नंतर रक्तावरून कळलं. दाराच्या उंबऱ्यावर मी पडले आणि तोंडावर पदर दाबून एका हातानं दार बोटभर लोटलं.

फटीतून ऊब आली. चुलीची नाही. चूल समोर काळी दिसत होती. उन्हात तापलेल्या गवताचा वास असतो, तसल्या वासाची, श्वासासारखी येणारी-जाणारी ऊब. साणं दिसत नव्हतं. आढं दिसत नव्हतं. खोलीत काहीतरी होतं आणि ते खोलीएवढंच होतं. डोळे अंधाराला सरावले तेव्हा मला फक्त सुपाची कड दिसली आणि तिच्यावरून आलेली एक दुसरी कड, तपकिरी. पंखाची म्हणावी तर ती जुन्या लुगड्यासारखी मऊ पडली होती. लुगड्याची म्हणावी तर तिच्यात एकावर एक थर होते. तिच्याखालून पोरीची मूठ बाहेर आली होती. मूठ उघडली, मिटली. मग ती कड हलली. अगदी सावकाश पुढं आली आणि मूठ आत घेतली.

वर कुठंतरी, माझ्या नजरेच्या वर, काहीतरी माझ्याकडं वळलं. मी मान वर केली नाही.

ओरडायला पाहिजे होतं. आत घुसून लेकरू उचलायला पाहिजे होतं. पण ते उचलून मी न्यायचं कुठं? या तापलेल्या, कदाचित गाठ धरलेल्या अंगाशी?

"बस बाई," मी म्हटलं. "तू बस. उठू नकोस."

आणि मी दार ओढून घेतलं.

६

जाग आली तेव्हा गारा थांबल्या होत्या. मी गोठ्यात होते. कुणीतरी डोक्याला फडकं बांधलं होतं. ऊन उतरतीला लागलं होतं आणि शेतातून पाणी वाहत होतं. दारासमोर रूपाबाई बसली होती. पाठ दाराला, हातात रिकामी वाटी, पाय लांब सोडलेले. हिरासिंग आज बांधावर नव्हता. तो अगदी अंगणात येऊन उभा होता आणि खोकत नव्हता.

"जवळ येऊ नको," मी ओरडले. "मला ताप हाय. गाठ असंल."

"बघितली मी," ती म्हणाली. "काखंत न्हाई, जांघंत न्हाई. घाम फुटलाय तुमाला. हिवताप हाय हा. आमच्या तांड्यावर निम्म्याला हाय."

"पोरगी?"

"पाजली."

"आत गेलती तू?"

रूपाबाईनं वाटी पदरानं पुसली.

"दार उघडलं. हात आत घातला," ती म्हणाली. "बोळा पिळला, तिनं घेतला. आत गेले न्हाई."

"काहून?"

"आत जागा न्हाई, बाई."

हिरासिंगनं खाली मान घातली. मी दोघांना खूपदा विचारलं, त्या दिवशी आणि नंतरच्या वर्षांत. रूपाबाई एरवी तोंडाची फटकळ, पण यापुढं एक अक्षर बोलली नाही.

ताप उतरल्यावर मी आत गेले. खोली खोलीएवढीच होती. पोरगी कापसात झोपली होती आणि कापूस गरम होता. तिचे गाल लाल होते. मी तिला उचललं, तर माझ्या हातांना पहिल्यांदाच असं वाटलं, की आपण माणूस उचललंय.

त्यानंतर मी एक केलं. बाहेरून आत जाताना दाराशी थांबून खाकरायचे. कुणाच्या घरात शिरताना सांगून शिरावं तसं. आतून ते लुगडं ओढल्यासारखं वाजायचं, थोडा वेळ जायचा, मग मी दार ढकलायचे. मला भीती वाटत नव्हती असं नाही. रोज वाटायची. पण शेजारणीची वाटते तेवढी.

राख मी पुन्हा पसरली नाही.

७

फाल्गुनात संतराम आशाला घेऊन आला.

हिवरावर तेव्हा पिल्लू निघालं होतं. पांढऱ्या लोकरीचा गोळा, मान टेकवून पडलेला. सापमारी आता दिवसाचा थोडा वेळ उठून फांदीवर बसायची, पण कुणी बांधाजवळून गेलं की अंगावर झेपावायची. एकदा तिनं हिरासिंगचं पागोटं उडवलं होतं. आणि म्हणून, गाडी नाल्यातून वर येताना दिसली तेव्हा मला आनंदाआधी धास्ती वाटली. अंड्यावर बसलेली शांत असते. पिल्लाला हात लावणाऱ्याला ती सोडत नाही. आतलीही तशीच असली तर?

आशा गाडीतून उतरली. ओळखू येत नव्हती. केस गळालेले, हाडांवर कातडी. तरी कुणाचा हात न धरता उभी राहिली.

"आक्का, हाय ना?" तिनं विचारलं. एवढंच.

"हाय. आत हाय. आशा, थांब जरा, मी आधी…"

तिनं ऐकलं नाही. कुठली आई ऐकेल? दाराशी खाकरायचं असतं, हे मी तिला कसं सांगणार होते? ती सरळ गेली, दार ढकललं आणि आत शिरली. दार तिच्यामागं आपोआप लागलं.

मी दाराशी धावले. ढकललं. दार हललं नाही. कडी लागलेली नव्हती, नुसतं जड होतं, कुणीतरी पलीकडून पाठ टेकून बसल्यासारखं. संतराम बैल सोडत होता, त्याला काही कळलं नाही. फटीतून मी बघितलं. उन्हाचा गोल जमिनीवर नव्हता. आत काही वाजत नव्हतं. ना आशा, ना पोरगी, ना ती शीळ.

"बाई," मी दाराला तोंड लावून म्हटलं, "तिची आई हाय ती. आई हाय."

हिवरावर सापमारी उभी राहिली. तिनं आमच्या दाराकडं मान वळवली आणि तशीच राहिली.

किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही. मग धाब्यावर माती सरकली. आढं करकरलं, ओझं उतरल्यावर गाडीचा कणा करकरतो तसं. अंगणावरून एक सावली गेली. रुंद, सावकाश, गोठ्यावरून, बैलांच्या पाठीवरून, नाल्याकडं. बैलांनी माना वर केल्या. संतरामनंही वर बघितलं. आभाळ निरभ्र होतं. हिवरावरची तिच्या जागेवरच होती.

दार माझ्या हाताखाली उघडलं.

आशा जमिनीवर बसली होती. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता आणि उरलेले केस वाऱ्यात सापडल्यासारखे विस्कटले होते. पोरगी तिच्या मांडीवर होती. आशा रडत होती, पण तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. प्रवासातून आलेल्याला कुणी उठून जागा द्यावी आणि त्यानं टेकावं, तशी ती बसली होती.

"आक्का," ती म्हणाली, "तिचं अंग किती ऊन हो."

"पोरीचं?"

आशानं माझ्याकडं बघितलं. मग पदराआड पोरीला छातीशी धरलं. दवाखान्यातल्या बाईनं सांगितलं होतं, इतक्या दिवसांनी दूध येणार नाही म्हणून. त्या दिवशी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. रूपाबाई म्हणाली, लावत राहा, पोरगंच दूध आणतं. आठवड्यानं आलं. थोडं, पण आलं.

मी रात्री आता गोठ्याच्या बाजूला निजत होते. खोलीत त्या दोघी. दाराशी खाकरायची माझी सवय काही गेली नाही, पण आतून उत्तर येईना. खोलीत कोपरे दिसायला लागले. एका कोपऱ्यात संतरामनं हळदीची पोती ठेवली.

चैत्रात गावातून दवंडी आली, की रोग गेला, घरं धुवा आणि या. आम्ही गाडी भरली. पोरीचं नाव सखू ठेवलं होतं. ती आता तीन महिन्यांची होती आणि कुणी बघितलं तर महिन्याची म्हणावं एवढी. रूपाबाई निरोपाला नाल्यापर्यंत आली. तिनं सखूच्या गालाला बोट लावलं आणि काय बिघडलं कुणास ठाऊक, सखूनं तोंड वासलं आणि असा टाहो फोडला, की बैल बुजले. गाव येईपर्यंत ती थांबली नाही. शेतांमधल्या पांदीतून रडत होती, वेशीतून रडत होती. नुकत्याच सारवलेल्या घरांतून बाया हातातलं काम टाकून दारात आल्या. त्या हिवाळ्यात गावानं रडणं खूप ऐकलं होतं, पण असलं नव्हतं ऐकलं.

"गप करा ना तिला," संतराम म्हणाला. "सगळं गाव बघून राहिलं."

"बघू द्या," आशा म्हणाली. तिनं पोरीला दोन्ही हातांनी वर धरलं, सगळ्यांना दिसेल अशी. "रडू द्या तिला."